उपचाराआधी उत्पन्नाचा दाखला

तंजावर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे आणि भोसले घराण्याची सुमारे पावणेदोनशे वर्षांची राजवट उभी राहते. या राजवटीने कावेरीच्या खोऱ्यात ठेवलेला आणखी एक वारसा मात्र तितकासा परिचित नाही. तो वारसा आहे छत्रांचा. रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी उभारलेल्या या धर्मशाळांना तेथे आजही ‘छत्रम्’ म्हणतात. मराठीतील ‘अन्नछत्र’ या शब्दाशी त्यांचे नाते उघड आहे.

सरफोजीराजे दुसरे यांनी १८०१ च्या प्रारंभी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पाठविलेल्या पत्रात या छत्रांच्या कारभाराचे तपशीलवार वर्णन आढळते. येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला, मग तो कोणत्याही जातीचा वा पंथाचा असो, अन्न मिळत असे. छत्रात कोणी आजारी पडल्यास बरे होईपर्यंत त्याला औषध व पथ्याचे जेवण दिले जाई. एखादी स्त्री छत्रात प्रसूत झाल्यास बाळंतपणाचा खर्च छत्र उचलीत असे आणि तिला पुढे तीन महिने तेथे राहण्याची मुभा असे. त्या काळातील समाजरचनेतील उच्चनीचता छत्रांतून नाहीशी झाली होती, असे म्हणता येणार नाही. तथापि औषध देण्यापूर्वी ‘तुझे वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न विचारण्याची पद्धत तेथे नव्हती. आजारी असणे हीच पात्रता होती.

त्याच तंजावर जिल्ह्यातील एखाद्या शेतमजुराला आज खाजगी रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया मोफत करून घ्यावयाची असल्यास त्याला आजारपणाच्या पुराव्याबरोबर गरिबीचा पुरावाही द्यावा लागतो. साहाय्य खऱ्या गरजूलाच मिळावे म्हणून लाभार्थ्याचे उत्पन्न तपासण्याच्या या पद्धतीचा मोफत उपचारांवर कोणता परिणाम होतो, हे समजून घेणे प्रत्येक नागरिकाच्या हिताचे आहे. आज उत्पन्नाच्या रेषेच्या वर असलेले कुटुंब एका आजारपणाने तिच्या खाली जाऊ शकते, आणि रेषेच्या खाली असलेले कुटुंब एका कागदाअभावी बाहेर राहू शकते.

अटीमागील विचार

उत्पन्नाची अट घालण्यामागे एक सरळ तर्क आहे. सरकारी तिजोरीतील पैसा मर्यादित आहे. तो सर्वांना थोडा थोडा वाटण्यापेक्षा ज्यांना निकड आहे त्यांना पुरेसा द्यावा, म्हणजे त्याचा सदुपयोग होईल. बँक कर्ज देताना अर्जदाराची परतफेडीची क्षमता तपासते, त्याच धर्तीवर शासन साहाय्य देताना अर्जदाराची अक्षमता तपासते, असे म्हणता येईल. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही.

अडचण येते ती मोजमापात. पगारदाराचे उत्पन्न वेतनचिठ्ठीवरून कळते, व्यापाऱ्याचे विवरणपत्रावरून कळते. परंतु ज्याला आज काम मिळाले आणि उद्याचे ठाऊक नाही, त्याचे वार्षिक उत्पन्न कोणी व कशावरून ठरवायचे? तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे, भातशेतीचे केंद्र. मेट्टूर धरणाचे पाणी वेळेवर सुटले तर कुरुवै आणि सांबा हे दोन्ही हंगाम साधतात आणि मजुरांच्या हाताला काम मिळते. पाणी लांबले की कामाचे दिवस घटतात. अशा मजुराचे उत्पन्न पावसागणिक बदलते, तर दाखल्यावर मात्र एकच आकडा लिहावा लागतो.

रुग्णापुढील दोन दरवाजे

तंजावरच्या रुग्णापुढे मोफत उपचारांचे दोन दरवाजे आहेत. पहिला सरकारी रुग्णालयांचा. शहरातील राजा मिरासदार रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजघराणे आणि परिसरातील मिरासदार यांच्या दानातून उभे राहिले. त्याच्या नावातच हा इतिहास जपलेला आहे. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, तंजावर वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि संपूर्ण त्रिभुज प्रदेशातील रुग्णांचा ओघ तिकडे वळला. तमिळनाडूतील सरकारी रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासणी व औषधे मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने औषधांची एकत्रित खरेदी व वितरण यांची शिस्तबद्ध पद्धत बसविली. त्यामुळे या दरवाजातून आत गेलेल्या रुग्णाला औषध मिळण्याची शक्यताही वाढली. रेशनच्या बाबतीतही या राज्याने हेच धोरण ठेवले. १९९७ मध्ये देशभर दारिद्र्यरेषेखालील व वरील अशी शिधापत्रिकांची विभागणी सुरू झाली, तेव्हा तमिळनाडूने स्वस्त धान्य दुकाने सर्वांसाठी खुली ठेवली.

दुसरा दरवाजा आरोग्य विम्याचा. सरकारी रुग्णालयात विशिष्ट शस्त्रक्रियेची सोय नसेल, अथवा प्रतीक्षायादी लांब असेल, तर नोंदणीकृत खाजगी रुग्णालयात शासनाच्या खर्चाने उपचार मिळावेत, ही त्यामागील कल्पना. २३ जुलै २००९ रोजी तमिळनाडूत ‘कलैञर काप्पीट्टुत् तिट्टम्’ ही योजना सुरू झाली. असंघटित कामगारांच्या कल्याण मंडळांचे सदस्य आणि वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांपेक्षा कमी असलेली कुटुंबे तिला पात्र होती. सत्तांतरानंतर ११ जानेवारी २०१२ पासून तिची जागा ‘मुख्यमंत्री सर्वसमावेशक आरोग्य विमा योजने’ने घेतली. २०१८ मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडली गेली आणि संरक्षणाची रक्कम प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंत वाढली.

या दुसऱ्या दरवाजावर पहारा आहे. नोंदणीसाठी कुटुंबपत्रिका म्हणजे शिधापत्रिका, आधार आणि गाव प्रशासन अधिकारी वा महसूल अधिकाऱ्याने दिलेला उत्पन्नाचा दाखला आवश्यक असतो. ही कागदपत्रे घेऊन कुटुंबाने जिल्ह्याच्या नोंदणी केंद्रात जावयाचे असते. गाव प्रशासन अधिकारी म्हणजे महाराष्ट्रातील तलाठ्याचा तमिळ भाऊबंद. त्याच्या लेखणीतून उतरलेल्या एका आकड्यावर पाच लाखांचे संरक्षण अवलंबून असते.

गोठलेला आकडा

२००९ मध्ये ठरलेली ७२,००० रुपयांची मर्यादा २०१२ च्या योजनेतही कायम राहिली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती १,२०,००० रुपये झाली. मध्ये जवळजवळ तेरा वर्षे गेली. या काळात औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक दुपटीहून अधिक वाढला. याचा अर्थ, २००९ मधील ७२,००० रुपयांची क्रयशक्ती टिकवायची तर २०२२ मध्ये मर्यादा १,४४,००० रुपयांच्याही वर असावयास हवी होती. वाढविलेली मर्यादासुद्धा महागाईच्या हिशेबाने मूळ मर्यादेपेक्षा खालीच राहिली.

मुदत ठेवीवरील व्याज महागाईपेक्षा कमी असेल तर ठेवीचे खरे मूल्य घटते, हे बँकेच्या ग्राहकांना सांगावयास नको. उत्पन्नमर्यादेचेही तसेच होते. सरकारने काहीही न करता, कोणताही आदेश न काढता, पात्रतेची रेषा दरवर्षी थोडी थोडी खाली सरकते. मजुरी वाढते ती महागाईमुळे, मजूर श्रीमंत झाल्यामुळे नव्हे. तरीही कागदावर तो रेषेच्या वर जातो. वर्षाला ७२,००० म्हणजे महिन्याला ६,००० रुपये. वर्षात तीनशे दिवस काम मिळाले असे धरले, तर दिवसाला २४० रुपये. पती व पत्नी दोघे कामाला जात असतील तर माणशी १२० रुपये. दोघांना नियमित काम मिळणे हीच अशा कुटुंबाची अपात्रता ठरू शकत होती.

रेषेपलीकडचा एक रुपया

उत्पन्नाच्या अटीचा दुसरा दोष असा की ती पायरीसारखी नसते, कड्यासारखी असते. आयकरात उत्पन्न वाढले की कर टप्प्याटप्प्याने वाढतो. येथे मात्र मर्यादेच्या आत संपूर्ण पाच लाखांचे संरक्षण आहे आणि मर्यादेपलीकडे काहीही नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तंजावर जिल्ह्यातील एका गावात पती, पत्नी, वृद्ध आई, मुलगा व शाळकरी मुलगी असे पाच जणांचे कुटुंब आहे. पतीला वर्षात १५० दिवस ४०० रुपये रोजाने काम मिळते, म्हणजे ६०,००० रुपये. पत्नीला १२० दिवस २५० रुपये रोजाने, म्हणजे ३०,००० रुपये. एकूण उत्पन्न ९०,००० रुपये. जुन्या मर्यादेनुसार हे कुटुंब अपात्र होते, नव्या मर्यादेनुसार पात्र झाले. आता मुलाला तंजावर शहरातील एका दुकानात दरमहा ६,००० रुपयांची नोकरी लागली. कुटुंबाचे उत्पन्न १,६२,००० रुपये झाले आणि पात्रता गेली. मुलाचा वर्षभराचा पगार ७२,००० रुपये, तर गमावलेले संरक्षण ५ लाख रुपयांचे. त्याच वर्षी आईला मोठ्या शस्त्रक्रियेची गरज पडली आणि सरकारी रुग्णालयातील प्रतीक्षा परवडण्यासारखी नसली, तर या कुटुंबाची गेल्या दहा वर्षांची प्रगती एका महिन्यात पुसली जाईल.

अशा कुटुंबापुढे अवघड पर्याय उभे राहतात. मुलाने नोकरी रोखीच्या पगारावर, बिनकागदी करावी का? त्याचे नाव शिधापत्रिकेवरून कमी करावे का? प्रामाणिक माणसाला अप्रामाणिकपणाकडे ढकलणारी अट कितीही सद्‌हेतूने घातलेली असली तरी तिचा पुनर्विचार करावा लागतो.

बँकांशी थेट संबंध असलेली एक बाब येथे नोंदविली पाहिजे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत ग्रामीण कुटुंबांना साहाय्याच्या यादीतून आपोआप वगळण्यासाठी काही निकष होते. घरात दुचाकी, शीतकपाट अथवा दूरध्वनीची जोडणी असणे यांबरोबरच ५०,००० रुपये वा अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असणे हाही त्यांपैकी एक निकष होता. याच जनगणनेत वंचित ठरलेल्या कुटुंबांवरून पुढे जन आरोग्य योजनेचे मूळ लाभार्थी निश्चित झाले. किसान क्रेडिट कार्ड हे शेतकऱ्याच्या पीककर्जाचे साधन आहे. ते त्याच्या श्रीमंतीचे प्रमाणपत्र नव्हे. तरीही बँकेने दाखविलेला विश्वास या मोजणीत त्याच्या विरोधात गणला गेला.

आजाराची घाई, कागदाची सवड

पात्र असणे आणि लाभ मिळणे यांत बरेच अंतर असते. आजार सांगून येत नाही आणि कागद मागितल्याबरोबर येत नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी रुग्णशय्येजवळ थांबायचे की दाखल्यासाठी कार्यालय गाठायचे? दाखला मिळविण्यासाठी एक दिवस, दुरुस्तीसाठी दुसरा आणि नोंदणीसाठी तिसरा दिवस गेला, तर रोजंदारीवरील माणसाची तीन दिवसांची मजुरी बुडते. पगारी रजा घेऊन हीच कामे करणाऱ्या व्यक्तीला या खर्चाची कल्पना येणे कठीण. गरिबी सिद्ध करण्याचा खर्च गरिबालाच अधिक जाणवतो.

कागदांची आपसातील विसंगती हा आणखी एक अडथळा. आधारवर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर एका प्रकारे, शिधापत्रिकेवर दुसऱ्या प्रकारे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव अजून माहेरच्या पत्रिकेवर. पत्रिकेवर नाव नाही म्हणून ती योजनेच्या दृष्टीने कुटुंबात नाही, आणि नेमके तिचेच बाळंतपण गुंतागुंतीचे होते. या अडचणी गरिबीमुळे निर्माण होतात आणि गरिबीच्या पुराव्यालाच बाधा आणतात.

दोन प्रकारच्या चुका

अर्थशास्त्रात या विषयावर पुष्कळ विचार झाला आहे. कोर्निया आणि स्ट्युअर्ट या अभ्यासकांनी १९९३ मध्ये लक्ष्याधारित योजनांतील दोन चुका वेगळ्या करून दाखविल्या. एक, अपात्र व्यक्ती आत येणे. दुसरी, पात्र व्यक्ती बाहेर राहणे. प्रशासनाचे लक्ष बहुधा पहिल्या चुकीवर असते, कारण ती लेखापरीक्षणात सापडते. दुसरी चूक कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. जो आलाच नाही त्याची फाईल नसते. अमर्त्य सेन यांनीही याच दशकात लक्ष्याधारित धोरणाच्या मर्यादा मांडल्या. माहिती लपविण्याची प्रवृत्ती, उत्पन्न वाढविण्याची घटणारी इच्छा, गरीब म्हणून शिक्का बसण्याचा कमीपणा आणि छाननीचा खर्च यांकडे त्यांनी लक्ष वेधले. शिवाय ज्या सेवेचा लाभ केवळ गरिबांना होतो तिच्या दर्जासाठी आवाज उठविणारे थोडे असतात, हा मुद्दाही त्यांनी पुढे आणला.

दुसऱ्या चुकीचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे कमी उत्पन्न असलेल्यांसाठी १९६५ पासून ‘मेडिकेड’ ही योजना आहे. कोविडच्या काळात लाभार्थ्यांची नावे कमी करणे थांबविण्यात आले होते. ही सवलत ३१ मार्च २०२३ रोजी संपली आणि पात्रतेची फेरतपासणी सुरू झाली. पुढील सुमारे दीड वर्षात अडीच कोटींच्या आसपास लोकांची नावे वगळली गेली. त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नावे कागदोपत्री कारणांमुळे वगळली गेली होती. अर्ज वेळेत न पोचणे, पत्ता बदललेला असणे अशी ती कारणे होती. हे सर्वजण अपात्र होते असे सिद्ध झालेले नव्हते. संगणक, टपाल आणि दूरध्वनी यांची सोय असलेल्या संपन्न देशात असे घडत असेल, तर ओरत्तनाडूच्या वा पट्टुकोट्टैच्या एखाद्या खेड्यातील मजुराची अवस्था सहज ध्यानात येईल.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून शिधापत्रिकांना तीन रंग मिळाले आणि उत्पन्नाची अट रंगाने ओळखली जाऊ लागली. वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, १ लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे पांढरी. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पिवळ्या व केशरी पत्रिकाधारकांसाठी होती. पुढे ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. वर्षाला १ लाख रुपयांची केशरी मर्यादा मात्र जेथल्या तेथेच राहिली.

अन्य योजनांच्या मर्यादा याहून निराळ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये होती. धर्मादाय रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी पुन्हा स्वतंत्र उत्पन्नमर्यादा आहेत. कुटुंब एकच, परंतु प्रत्येक दारावर गरिबीचा आकडा वेगळा. एका दारी गरीब ठरलेला माणूस दुसऱ्या दारी संपन्न ठरू शकतो.

या गुंत्यातून बाहेर पडण्यासाठी महाराष्ट्राने अलीकडे दोन महत्त्वाची पावले उचलली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार सर्वांसाठी निःशुल्क करण्यात आले. तसेच २८ जुलै २०२३ च्या निर्णयानुसार फुले योजना पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबांना खुली होऊन संरक्षण ५ लाख रुपये झाले. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. गरिबीचा दाखला गेला, मात्र शिधापत्रिका अथवा अधिवासाचा पुरावा राहिला. पहारा उठला नाही, पण त्याचा प्रश्न सोपा झाला.

अट सैल होते तेव्हा

तमिळनाडूतही अशीच वाटचाल दिसते. १८ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘इन्नुयिर काप्पोम’ योजनेत रस्ते अपघातातील जखमींना पहिल्या ४८ तासांत मोफत उपचार देण्याची व्यवस्था झाली. जखमी व्यक्ती श्रीमंत की गरीब, त्याच राज्यातील की परप्रांतीय, हे विचारावयाचे नाही. प्रारंभी प्रतिव्यक्ती १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च शासन उचलेल असे ठरले. रक्तस्राव होत असलेल्या माणसाकडे दाखला मागणे निरर्थक आहे, ही गोष्ट धोरणात मान्य झाली. ५ ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्’ या उपक्रमाद्वारे रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना घरपोच औषधे दिली जाऊ लागली. तेथेही कसोटी आजाराची आहे, उत्पन्नाची नाही.

केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डाद्वारे ५ लाख रुपयांचे संरक्षण दिले. वय सिद्ध करणे गरिबी सिद्ध करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. थायलंडनेही १९७५ पासून गरिबांसाठी वेगळी योजना चालविली आणि त्या अनुभवानंतर २००१-०२ मध्ये सार्वत्रिक आरोग्यसेवेचा मार्ग स्वीकारला. आपल्याकडे भोर समितीने १९४६ मध्येच सांगून ठेवले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये.

अर्थात सार्वत्रिक सेवा म्हणजे सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. दरवाजा सर्वांना खुला केला आणि आत डॉक्टर, खाटा व औषधे वाढविली नाहीत, तर रांग लांबते आणि रांगेत मागे राहतो तो पुन्हा दुर्बलच. म्हणून अट काढण्याबरोबरच क्षमता वाढविण्यासाठी निधी लागतो. आणि जेथे अट ठेवणे अपरिहार्य असेल तेथे उत्पन्नमर्यादा दरवर्षी निर्देशांकाशी जोडावी, रेषेच्या किंचित वर असलेल्यांना अंशतः लाभ द्यावा आणि तातडीच्या रुग्णावर आधी उपचार करून कागद नंतर घ्यावेत, एवढे तरी निश्चितच करता येईल. महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडला जातो, मग गरिबीची रेषा का जोडू नये?

ग्राहकांसाठी काही सूचना

धोरणे बदलतील तेव्हा बदलतील, तोवर प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी आपल्या हाती ठेवाव्यात. आरोग्य योजनेचे कार्ड प्रकृती ठणठणीत असताना काढावे. नोंदणीला एक दिवस मोडला तर मजुरी बुडते, परंतु रुग्णालयाच्या दारात हाच दिवस फार महाग पडतो. आधार, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते यांतील नावे, आद्याक्षरे व जन्मतारखा जुळतात की नाही, हे एकदा तपासून घ्यावे. विवाह, जन्म वा मृत्यू झाल्यास शिधापत्रिकेत वेळीच नोंद करावी. दाखल्याची मुदत लक्षात ठेवावी. या योजनांच्या नोंदणीसाठी मध्यस्थाला पैसे देण्याची आवश्यकता नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेसाठी १४५५५ आणि महाराष्ट्रातील फुले योजनेसाठी १५५३८८ हे दूरध्वनी क्रमांक माहितीकरिता उपलब्ध आहेत.

एक गैरसमजही दूर व्हावयास हवा. ‘बँकेत पैसे ठेवले तर दाखला मिळणार नाही’ या भीतीने काही लोक बचत घरातच ठेवतात. तमिळनाडूच्या विमा योजनेची अट वार्षिक उत्पन्नाची आहे, शिलकीची नाही. खात्यावरील व्याज उत्पन्नात मोडते, मूळ शिल्लक मोडत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी पै-पै जमविणाऱ्या मातेने आपली बचत डब्यात दडवून ठेवण्याचे कारण नाही.

शाखांमधील कर्मचाऱ्यांनाही येथे मोलाचे कार्य करता येईल. निवृत्तिवेतन वा निराधार अनुदान घेण्यासाठी महिन्यातून एकदा येणारा वृद्ध ग्राहक बहुधा अन्य कोणत्याही कार्यालयात जात नाही. पासबुक भरून देताना ‘आजोबा, आरोग्याचे कार्ड काढले का?’ एवढा प्रश्न विचारावयास अर्धे मिनिट पुरते. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना आपण उत्पन्नाच्या अटीविना पात्र झालो आहोत, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या छत्रात आलेल्या आजारी वाटसरूला बरे होईपर्यंत ठेवून घेत. आजची व्यवस्था त्याहून कितीतरी विशाल आहे, तिची शस्त्रे व औषधे अधिक प्रभावी आहेत, तिच्यावर खर्च होणारा पैसाही अनेक पटींनी मोठा आहे. तो पैसा ज्याच्यासाठी ठेवला आहे तो माणूस दाखल्याच्या रांगेतून वेळेवर पुढे सरकतो की नाही, यावरच तिचे यश मोजावे लागेल.